सणाचा दुसरा दिवस

सणाच्या स्वयंपाकाचं कौतुक सगळे करतात, दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं कुणी करत नाही. होळीच्या पुरणाचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. पाडव्याच्या श्रीखंडाचा घाट आदल्या रात्री दही टांगण्यापासून सुरू होतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ कुणाकडे कशी जमली होती, याची चर्चा दारात चपला घालेपर्यंत चालते. मग दुसरा दिवस उजाडतो. ओट्यावर चार पोळ्या, अर्धं पातेलं कटाची आमटी, वाटीभर पुरण, भांड्याच्या कडेला लागलेलं श्रीखंड. एवढ्याचं काय करायचं हे ठरवायला त्या वेळी घरात बहुधा एकटीच बाई जागी असते. घराला अन्नाची किती चाड आहे ते मला या सकाळी कळतं.

नृसिंहवाडीत ही सकाळ फार लवकर होते. काकडआरतीला निघालेल्यांची पावलं अंधारातच वाजू लागतात. फाल्गुन-चैत्रात कृष्णा-पंचगंगेचं पाणी खाली गेलेलं असतं, घाटाच्या पावसात बुडणाऱ्या पायऱ्या कोरड्या असतात आणि औदुंबराखालच्या गारव्याची किंमत दहा वाजायच्या आत कळू लागते. श्रीनृसिंहसरस्वती इथे १२ वर्षं राहिले अशी श्रद्धा आहे, आणि गाभाऱ्यात पूजा होते ती त्यांच्या पादुकांची. दर पौर्णिमेला वाडीला गर्दी लोटते, तशी ती गुरुवारीही असते. आता होळी पौर्णिमेचीच. म्हणजे सण आणि यात्रा एकाच दिवशी घरी येणार. हनुमान जयंतीही पौर्णिमेचीच. कोण मिरजेहून येणार, कोण बेळगावहून, कोण दर्शन घेऊन महाप्रसादाला बसेल आणि कोण घरी जेवायला येईल, याचा नेमका अंदाज वाडीच्या बाईला कधीच येत नाही. म्हणून ती हात सैल ठेवून शिजवते. पाहुण्याच्या पानात कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं, हा तिचा हिशोब. त्यामुळे इथल्या घरात उरणं हे चुकीचं लक्षण धरत नाहीत. ज्या घरात माणसं येतात त्या घरात उरणारच.

आणि आपल्या सणाच्या ताटाकडे नीट पाहिलं तर ते ताटच उरलेल्याच्या आदरावर उभं आहे. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की पाणी राहतं. ते दाट असतं, डाळीचा सगळा रस त्यात उतरलेला असतो. कुणा काळातल्या कुणा बाईनं ते मोरीत ओतलं नाही. त्यात भाजलेलं सुकं खोबरं, जिरं, काळा मसाला, चिंच आणि थोडं पुरण घातलं, वरून कढीपत्त्याची फोडणी दिली आणि कटाची आमटी केली. आज ती आमटी नसली तर पुरणपोळीचं जेवण कुणी पुरं मानत नाही. ज्याला टाकाऊ म्हणता आलं असतं ते नैवेद्याच्या ताटात देवापुढे गेलं. पाककलेच्या सगळ्या थोर गोष्टींत मी ही गोष्ट फार वरची मानते, आणि तिच्या कर्तीचं नाव कुठेच लिहिलेलं नाही.

इथे एक गोष्ट मात्र मोकळेपणानं बोलली पाहिजे. आपल्या घरांत शिळं जपलं गेलं खरं, पण ते बहुतेक वेळा एकाच ताटात पडलं. पुरुष आणि मुलं ताजं खात आली. पाहुण्याला ताजं वाढणं तर रीतच. आणि ‘टाकवत नाही गं’ असं म्हणत मागच्या ओट्यापाशी उभ्या उभ्या कालची भाकरी कालच्या आमटीत कुस्करून खाणारी ती घरातली सून किंवा आई. अन्नाची चाड सगळ्या घराची, आणि तिचं ओझं एकटीच्या पोटावर. दुसरी वाईट रीत म्हणजे दोन दिवस फिरवून झालेलं, कुणालाच नको असलेलं, कामाला येणाऱ्या बाईच्या डब्यात घालणं. तिला द्यायचं असेल तर सणाच्या दिवशीच, गरम असताना, आपल्या पानात वाढतो तसंच द्यावं.

म्हणून या दुसऱ्या दिवसाच्या न्याहारीच्या कृतींना मी फार मानते. कालचं अन्न आज नव्या रूपानं, गरम, सगळ्यांच्या ताटलीत एकाच वेळी आलं की घरात कुणा एकाचं असं शिळं राहत नाही.

तुम्ही-आम्ही ‘गुरुचरित्र’ वाचतो ते कृपेसाठी, पण त्यात स्वयंपाकघरही आहे. अठराव्या अध्यायातली अमरापूरची कथा वाडीच्या अगदी पलीकडची, नदीपारची. गरीब ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल होता. भिक्षा मिळाली नाही तर त्या शेंगांवर घर दिवस काढायचं. श्रीगुरू भिक्षेला आले तेव्हा घरात दाणा नव्हता. त्या माउलीनं शेंगांची भाजी करून वाढली आणि गुरूंनी ती आनंदानं स्वीकारली. पुढे जाताना त्यांनी तो वेलच उपटून टाकला, घरात रडारड झाली, आणि वेलाच्या मुळाशी खणताना द्रव्याचा घडा सापडला. कीर्तनात ही कथा निघाली की ऐकणाऱ्यांचं लक्ष घड्याकडे असतं. माझं लक्ष भाजीकडे राहतं. घरात जे आहे ते नीट शिजवून मानानं पानात वाढायचं, समोर साक्षात गुरू असले तरी. आमच्याकडे आज काही खास नाही हो, असं म्हणत ओशाळायचं कारण नाही.

कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याचं माप मराठी घराघरांत पोचलं. नव्यानं संसार मांडणाऱ्या कितीतरी मुलींना त्या मापानं आधार दिला. उरलेल्या अन्नाच्या कृतीला मात्र असं माप आधी सांगता येत नाही. तिची सुरुवात काल काय राहिलं इथून होते. तेव्हा पुढे मी माप सांगितलं तरी ते अंदाजाचं समजावं. पातेल्यात किती आहे ते तुम्हालाच दिसणार.

आमटीपासूनच सुरू करू, कारण कटाची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते यावर कोल्हापूर-सांगलीकडे कुणाचंही दुमत नाही. रात्रीतून मसाला मुरतो, चिंचेचं टोक गेलेलं असतं. सकाळी या आमटीत चकोल्या सोडाव्यात. दोन वाट्या कणकेत हळद, मीठ, चिमूटभर ओवा आणि चमचाभर तेल घालून पोळीपेक्षा घट्ट भिजवायची. पोळी लाटून सुरीनं शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे. आता या ठिकाणी सासू-सुनेचा संवाद बहुतेक घरांत ठरलेला आहे. “आई, आमटी दाट झालीय, पाणी किती घालू?” “आमटीइतकंच घाल गं. चकोल्या पितात.” खरंच पितात. पाणी घालून आमटी खळखळ उकळली पाहिजे, तेव्हाच एकेक तुकडा सुटा सोडायचा. उकळी नसताना घाईनं मूठभर टाकले तर तळाशी गोळा होतो आणि तो आतून कच्चा राहतो. मंद आचेवर झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं. एक तुकडा बोटानं दाबून पाहावा, पांढरी रेघ दिसली तर आणखी थोडं थांबावं. सणाची आमटी कांदा-लसणाशिवायची असते, पण नैवेद्य काल झाला, आज हवी तर चमचाभर कांदा-लसूण चटणी तेलात परतून वरून घालायला हरकत नाही. ताटलीत घेतल्यावर तुपाची धार. हे ताटलीभर खाल्लं की दुपारच्या जेवणाला एक वाजला तरी कुणी विचारत नाही.

उरलेल्या पुरणपोळीला तर काही करावंच लागत नाही. फक्त तव्याला घाई करू नये. अगदी बारीक आचेवर, तूप न लावता, दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा उलटत ठेवली की कडा कडक होतात आणि आतलं पुरण सैल होतं. मग वरून तूप, नाहीतर वाटीभर गार दूध. नुसतं पुरण राहिलं असेल तर त्याच्या दशम्या कराव्यात. वाटीभर पुरणात मावेल तेवढी कणीक, साधारण वाटी-सव्वा वाटी, दोन चमचे तूप, चिमूटभर मीठ. पाणी मुळीच नको, लागलं तर चमच्या-चमच्यानं दूध. जाडसर लाटायच्या, तव्यावर तूप सोडून भाजायच्या. या मुलांच्या डब्यात जातात, प्रवासातही टिकतात. दुधात भिजवलेली दशमी ही जुन्या यात्रेकरूंची शिदोरीच. ती दोन दिवस मऊ राहायची आणि सोवळ्यातही चालायची. पुरणही इतर अन्नापेक्षा टिकतं, त्याचं कारण गूळ. शिजता शिजता पाणी आटतं आणि राहिलेलं पाणी गूळ धरून ठेवतो, जंतूंना ते मोकळं मिळत नाही. तरीही चैत्राच्या उन्हात पुरण बाहेर ठेवायचं तर दुसऱ्या सकाळपर्यंतच, पुढे फ्रिजमध्ये.

वाडीहून परतणाऱ्या प्रत्येक घरात आणखी एक गोष्ट उरते, ती म्हणजे प्रसाद. पेढे संपतात, बासुंदी तर टिकतच नाही, कवठाची बर्फी पुरवून पुरवून खाल्ली जाते. पण चुरमुऱ्यांची पुडी तिसऱ्या दिवसापर्यंत मऊ पडते आणि कुणी हात लावत नाही. प्रसाद म्हणून टाकवत नाही आणि मऊ म्हणून खाववत नाही. वाडीपासून जवळच, याच शिरोळ तालुक्यात, जयसिंगपूर आहे, भडंगाचं गाव. भडंगासाठी चुरमुरे आधी उन्हात किंवा कोरड्या कढईत मंद आचेवर कुरकुरीत करून घ्यायचे. तेलात शेंगदाणे, भरपूर लसूण आणि कढीपत्ता कडक होईपर्यंत तळायचा, गॅस बंद करून मगच तिखट, मीठ, किंचित पिठीसाखर घालायची. तिखट गरम तेलात, पण पेटत्या आचेवर नाही, नाहीतर करपतं आणि भडंगाचा लाल रंग जातो.

न्याहारीला मात्र मला सुशीला जास्त आवडतो. मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या सीमेपर्यंत सगळीकडे होतो आणि पोह्यांपेक्षा हलका असतो. चार वाट्या मऊ पडलेले चुरमुरे चाळणीत घेऊन वरून पाणी ओतायचं आणि लगेच हातानं हलकं पिळून घ्यायचं. पाण्यात बुडवून ठेवले तर लगदा होतो. फोडणीत मोहरी, जिरं, हिरवी मिरची, कढीपत्ता, बारीक चिरलेला कांदा, हळद. चुरमुरे घालून परतायचे, मग मुठीभर फुटाण्याची डाळ मिक्सरमधून भरड काढून वर भुरभुरायची. हीच सुशील्याची खूण, ती ओलावा ओढून घेते आणि दाणा सुटा राहतो. वर लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. प्रसादाबरोबरचे बत्तासे नि पाडव्याच्या गुढीवरची साखरेची गाठी पन्ह्यात विरघळवावी. गाठीला तसा स्वतःचा वास नसतो, त्यामुळे पन्ह्याला ती गुळाच्या जोडीनं चालते. साखर तेवढी कमी घालायची, एवढंच लक्षात ठेवावं.

पाडव्याची पहिली न्याहारी मात्र उरलेल्याची नसते. कडुलिंबाची कोवळी पानं, असला तर त्याचा मोहोर, भिजलेली हरभऱ्याची डाळ, जिरं, ओवा, हिंग, गूळ आणि चिंच एकत्र वाटून त्याची सुपारीएवढी गोळी. वर्षाचा पहिला घास कडू. आयुर्वेदात वसंत हा कफ पातळ होऊन वर येण्याचा काळ मानला आहे, आणि या ऋतूत जड, आंबट, फार गोड आणि तेलकट कमी करून जव-गव्हासारखं हलकं खावं असं चरकांनी सांगितलं. आपले वसंतातले सण पाहिले तर नेमकं उलटं आहे: पुरण, श्रीखंड, बासुंदी. ती गोळी म्हणजे या सगळ्या गोडाच्या आधीची तयारी आहे असं मला वाटतं. आणि सणानंतरच्या सकाळी चकोल्या, सुशीला, ताकातली उकड यांच्याकडे हात जातो, त्यातही शरीराचीच ओढ असावी.

गव्हाच्या खिरीचा विषय शिरोळकडे लग्नाकार्यात, जत्रेत, यात्रेत निघतोच. कृष्णाकाठी खपली गहू होतो. तो ओला करून कांडायचा, मऊ शिजवायचा, गूळ, खोबरं, वेलची, सुंठ घालून खीर. सीमेवरची मंडळी तिला हुग्गी म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती इतकी घट्ट होते की डाव उभा राहतो. सैल करायला अनेकजणी खीर गॅसवर ठेवून त्यात दूध ओततात आणि दूध फाटतं. गुळात आंबटपणा असतो, उकळत्या दुधाला तो सोसत नाही. म्हणून खीर थोड्या गरम पाण्यानं सैल करून घ्यावी, खाली उतरवावी, कोमट झाली की ताटलीत तापवून निवलेलं दूध वरून घ्यावं. खपलीचा दाणा चावायला वेळ लागतो, आणि सकाळच्या गडबडीत ताटलीपाशी पाच मिनिटं बसावंच लागतं. हा त्या खिरीचा मोठा गुण.

कुणी म्हणेल, शिळ्याचं एवढं कौतुक बरं नव्हे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं, रस गेलेलं, वास येणारं अन्न तामसी म्हटलं आहे. ते खरंच आहे आणि ते डोळ्यांआड करू नये. पण त्याच देशात, होळीनंतर आठव्या दिवशी, राजस्थानात शीतला अष्टमीला बासोडा असतो. त्या दिवशी चूल पेटत नाही, आदल्या दिवशी शिजवलेलं गार अन्नच देवीला नैवेद्य म्हणून जातं. ओडिशात २० मार्चला पखाळ दिवस पाळतात. रात्री पाण्यात भिजवलेला भात, त्यात दही, वर कांदा-मिरची, उन्हाळ्यात पोटाला थंड. बंगालचा पान्ताभातही त्याच जातीचा. म्हणजे गीतेतला कटाक्ष बिघडलेल्या, दुर्लक्षित अन्नावर आहे असं मी समजते. काल जपून ठेवलेलं आणि आज सकाळी नीट उकळून वाढलेलं अन्न त्यात येत नाही.

भाताबद्दल मात्र धाक ठेवलाच पाहिजे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूंचे बीजकण असतात, ते शिजवल्यानंही मरत नाहीत. भात तासन्‌तास गरम हवेत उघडा राहिला की ते वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा तापवलं तरी नाहीसं होत नाही. चैत्र-वैशाखात वाडीत रात्रीही उकडतं. म्हणून जेवणं झाली की भात परातीत पसरून निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. दुपारपासून ओट्यावर राहिलेल्या भाताचा फोडणीचा भात करू नये, मन कितीही हळहळलं तरी. अन्नाचा मान राखायचा म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं पोट बिघडवायचं, यात कसला मान?

नीट ठेवलेल्या भाताचे मात्र सांडगे घालावेत, कारण ऊन फुकट आहे. भात हातानं मऊ कुस्करून त्यात मीठ, जिरं, हिंग, लाल तिखट आणि दोन चमचे आंबट ताक. स्वच्छ कापडावर किंवा प्लॅस्टिकवर बोराएवढे घालायचे, दोन-तीन दिवस कडकडीत वाळवायचे. हे काम दुसरीकडे हौसेचं असेल, वाडीत ते गरजेचं आहे. इथे पावसाळा म्हणजे नदी गावात येणार. पादुकांवरून पाणी वाहून दक्षिणद्वाराचा सोहळा झाला की भाविकांना धन्यता वाटते, आणि पाणी आणखी चढलं की त्याच गावाला घरातलं सामान वर हलवावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुका पाण्यात होता, २०२१ च्या जुलैत पुन्हा. अशा दिवसांत भाजी येत नाही, दुकानं उघडत नाहीत. फळीवरच्या डब्यातल्या मुठीभर सांडग्यांची भाजी किंवा तळण तेव्हा भातासोबत पानात येतं. चैत्रातला उरलेला घास श्रावणात असा पोटात जातो.

२०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज आहे, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून. हॉटेलं आणि दुकानं मिळून उरलेल्या भागात. हा आकडा वाचल्यावर मला आपल्या ओट्याची जबाबदारी जास्त जाणवली. कुठल्या सरकारनं काही करेपर्यंत थांबायला नको, इतकं हे आपल्या हातातलं आहे.

चैत्रशुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौर बसते. महिनाभर कुणाकडे ना कुणाकडे हळदीकुंकू, आणि प्रत्येक घरून ओटीत भिजवलेले हरभरे. संध्याकाळी परतताना रुमालात बांधलेली ओंजळभर ओल घरी येते. एका दिवसाचे हरभरे उसळीला पुरत नाहीत आणि दोन दिवस ठेवले तर चिकट होतात. याला उपाय धिरड्यांचा. हरभरे दोनतीनदा धुऊन घ्यावेत, वास घेऊन पाहावा. दोन वाट्या हरभऱ्याला तीन हिरव्या मिरच्या, बोटाएवढं आलं, जिरं, मीठ आणि दोन चमचे तांदळाचं पीठ घालून वाटावं. पीठ पळीवाढं हवं, ताकानं सैल केलं तर आणखी चांगलं. बिडाच्या तव्यावर तेलाचा हात फिरवून पळीभर पीठ पसरायचं, झाकण ठेवायचं, कड सुटल्याशिवाय उलथनं लावायचं नाही. हरभरा कच्चा राहिला तर पोटात दुखतं, म्हणून धिरडं पातळ आणि आच मध्यम. यासोबत कैरीचा टक्कू. किसलेली कैरी, गूळ, तिखट, मीठ, वर हिंगाची फोडणी.

आंब्याची डाळ उरली तर ती दुसऱ्या दिवशी तशीच खाऊ नये. कैरीच्या आंबटपणानं ती थोडी तग धरते, पण ती कच्ची वाटलेली डाळ आहे. चाळणीत दहा मिनिटं वाफवून, हातानं मोकळी करून वर पुन्हा फोडणी दिली की सकाळच्या चहाबरोबर उत्तम. किंवा चमचाभर तांदळाचं पीठ मिसळून तळहातावर थापून वडे तळावेत.

कवठ या दिवसांत पिकून बाजारात येतं. दगडावर आपटून फोडायचं, गर काढायचा, त्याच्याइतकाच गूळ, जिरं, मीठ, तिखट. कालची शाळूची भाकरी तव्यावर कडक करून तिच्यावर ही चटणी, इतकी सोपी आणि इतकी भारी न्याहारी दुसरी मला ठाऊक नाही. वाडीच्या बर्फीचं नाव मोठं, पण कवठाचा खरा आंबटगोड तिखटाशिवाय उमगत नाही असं माझं प्रामाणिक मत आहे.

श्रीखंडाचं थोडक्यात. ते पातळ झालेलं असलं तरी टाकायचं नाही. मावेल तेवढी कणीक आणि मूठभर रवा घालून पुऱ्यांचं पीठ भिजवायचं, वेलची-केशर त्यात आधीच असतं. पुऱ्या मंद आचेवर तळायच्या, कारण साखरेमुळे त्या लवकर लाल होतात.

आणि अक्षय्य तृतीया. या दिवशी वर्षातला पहिला आमरस अनेक घरांत होतो आणि पुरणही घातलं जातं. रस उरला तर ताटाला तुपाचा हात लावून त्यावर पातळ पसरावा आणि उन्हात आंबापोळी वाळवावी. आंबट असेल तर चमचाभर साखर आधीच मिसळून घ्यावी. वर पातळ मलमल टाकावी, माशा आणि धूळ बसत नाही. ऊन खाल्लेली बाजू सुकली की पोळी उलटायची, सहसा दुसऱ्या दुपारी. आणि अक्षय्य तृतीयेच्या दिवशी डाळ शिजत घालताना पाहुण्यांचा अंदाज घेऊन झाला की वर आणखी एक वाटी डाळ मुद्दाम टाकायची. तिचं पुरण वेगळ्या भांड्यात काढून ठेवावं, म्हणजे दुसऱ्या सकाळी घरातल्या सगळ्यांना पुरतील एवढ्या दशम्या होतात.